देशाची जमीन वाढली की नुसता आकडा?

मागच्या अंकात जगातल्या देशांच्या क्षेत्रफळांचं कोष्टक छापलं, आणि वाचकांनी कपाटातली जुनी पुस्तकं काढून आकडे ताडून पाहिले. ते जुळले नाहीत. संपादकांनी पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे पाठवला, कारण नकाशांवरून क्षेत्रफळ काढणं हेच माझं नोकरीभराचं काम. सुरुवातीला हातात प्लॅनिमीटर हे क्षेत्रफळ मोजायचं यंत्र होतं, निवृत्त होताना समोर संगणक. या विषयावर कुणी काही विचारलं की मला मनापासून आनंद होतो, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या संदर्भपुस्तकात अमेरिकेचं क्षेत्रफळ ९३ लाख ७२ हजार चौ. किमी आहे. तुमच्या कोष्टकात ते ९८ लाख ३३ हजार आहे. मधल्या काळात अमेरिकेनं नवा प्रदेश घेतल्याचं मी कधी शिकवलेलं नाही. विद्यार्थ्यांना काय सांगू? — भूगोलाचे एक शिक्षक

सर, तुम्ही शिकवलंत ते बरोबर आहे. प्रदेश घेतलेला नाही, पाणी मोजायला घेतलं आहे.

सीआयएच्या 'वर्ल्ड फॅक्टबुक' या देशांच्या माहितीकोशात १९९६ पर्यंत ९३,७२,६१० चौ. किमी हा आकडा असे. त्यात जमीन होती आणि देशाच्या आतली तळी-नद्या होत्या. १९९७ साली तो ९६,२९,०९१ झाला, कारण पंचमहासरोवरांमधला अमेरिकेचा वाटा आणि किनाऱ्यालगतचं पाणी त्यात मिळवलं. २००७ साली प्रादेशिक समुद्रही, म्हणजे किनाऱ्यापुढचा देशाच्या हक्काचा समुद्रपट्टाही, धरला आणि आकडा ९८,२६,६३० वर गेला. पुढे बारीकसारीक दुरुस्त्या होत तो ९८,३३,५१७ पर्यंत आला. या सगळ्या काळात अमेरिकेची निव्वळ जमीन साधारण ९१ लाख ४७ हजारांच्या आसपासच आहे.

याचा एक परिणाम तुमच्या विद्यार्थ्यांना नक्की आवडेल. चीनचा आकडा सुमारे ९५,९७,००० आहे. म्हणजे अमेरिकेच्या जुन्या आकड्याशी तुलना केली तर चीन मोठा, आणि नव्या आकड्याशी केली तर अमेरिका मोठी. 'जगात तिसरा देश कोणता' हा सामान्यज्ञानाचा प्रश्न माझ्या मते परीक्षेत विचारूच नये. विचारायचाच असेल तर 'पाणी धरून की सोडून' हे प्रश्नातच लिहावं.

कॅनडाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. एकूण ९९,८४,६७० चौ. किमी, म्हणजे रशियानंतर दुसरा क्रमांक. पण त्यातलं ८,९१,१६३ चौ. किमी गोडं पाणी आहे. ते वजा केलं की उरतात ९०,९३,५०७, आणि कॅनडा रशिया, चीन व अमेरिका यांच्यामागे चौथा होतो.

म्हणून क्षेत्रफळाच्या प्रत्येक आकड्याला मी चार गोष्टी विचारते. आतलं पाणी धरलंय का? समुद्राची कड कुठे मानली आहे? कोणती बेटं आणि वादग्रस्त भाग आत आहेत? आणि नकाशा कोणत्या सालचा आहे? समुद्राची कड म्हणजे भरतीची रेषा की ओहोटीची, हाच एक मोठा प्रश्न आहे. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय याबाबतीत मला फार आवडतं. तिथे एकाच विभागाची वेगवेगळी क्षेत्रफळं शेजारी-शेजारी छापतात : एक सरासरी ओहोटीच्या रेषेपर्यंतचं, एक सरासरी भरतीच्या रेषेपर्यंतचं, आतलं पाणी वेगळं, आणि ते वजा करून उरलेली जमीन वेगळी. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. सगळ्या देशांनी असं छापलं तर तुमच्यावर हे पत्र लिहायची वेळच येणार नाही.

प्रश्न : क्षेत्रफळ नकाशावर सपाट मोजतात. मग डोंगरउतारांची जमीन धरली तर डोंगराळ देश कितीतरी मोठे निघतील ना? — डोंगर चढणाऱ्या एक वाचक

निघतील. ३० अंशांच्या उतारावरची जमीन सपाट मोजणीपेक्षा १५ टक्क्यांहून थोडी जास्त भरते, ४५ अंशांवर ४१ टक्के. पण ती मोजायची कुठवर? उताराचे चढउतार धराल, मग प्रत्येक घळ धराल, मग प्रत्येक दगडाच्या बाजू. जितकं बारीक जाल तितकं क्षेत्र वाढत राहील. शिवाय पाऊस आणि ऊन वरून येतं, झाडं सरळ वर वाढतात, त्यामुळे व्यवहारात सपाट क्षेत्रच उपयोगी पडतं. तुकड्यांची बेरीज करून पूर्ण देश मिळावा हेही त्यातच साधतं.

फारसं कुणी न विचारलेला एक बारकावा यात आहे. हे 'सपाट' म्हणजे जमिनीच्या उंचीवरचं सपाट नव्हे. आपण पृथ्वीचा एक गुळगुळीत, ध्रुवांशी किंचित दबलेला गोल मानतो, साधारण समुद्रसपाटीच्या पातळीचा, आणि देशाची सीमा त्यावर उतरवून मोजतो. चार हजार मीटर उंचीवरचं पठार पृथ्वीच्या केंद्रापासून तेवढं लांब असतं, म्हणून तिथली खरी आडवी जमीन या हिशेबापेक्षा सुमारे ०.१२५ टक्क्यानं जास्त असते. एक लाख चौ. किमीच्या पठारामागे सव्वाशे चौ. किमी. ही जमीन कुठल्याच कोष्टकात येत नाही.

प्रश्न : भारताची किनारपट्टी आम्ही ७,५१६ किमी पाठ केली होती. आता ती ११,०९८ किमी झाल्याचं वाचलं. किनारा जवळजवळ दीडपट झाला, मग क्षेत्रफळ किती वाढलं? — स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा एक वाचक

काहीच नाही. ते ३२,८७,२६३ चौ. किमीच आहे. तुमचा प्रश्न मात्र फार चांगला आहे, कारण लांबी आणि क्षेत्रफळ यांचे स्वभाव किती वेगळे आहेत ते यातून कळतं.

जुनी लांबी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर मोजलेली होती. तिथे एक सेंटिमीटर म्हणजे ४५ किलोमीटर. लहान खाड्या, कोपरे, वळणं त्या रेघेच्या जाडीतच बुडून जातात. नवी लांबी १:२,५०,००० प्रमाणावर मोजली. तिथे एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, म्हणून खाडीत आत शिरून बाहेर येणारी रेघ दिसते आणि लांबीत मिळवली जाते. याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेतलात तर लांबी आणखी वाढेल.

ल्युईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं देशादेशांमधल्या सीमांच्या लांबीचे आकडे गोळा केले, तेव्हा त्याला दिसलं की एकाच सीमेची लांबी स्पेन ९८७ किमी सांगतो आणि पोर्तुगाल १,२१४. खोटं कुणीच बोलत नव्हतं. छोट्या देशानं बारीक मोजपट्टी वापरली होती. त्याचं हे काम त्याच्या मृत्यूनंतर १९६१ साली छापलं गेलं आणि १९६७ साली गणिती बेन्वा मँडलब्रॉटनं ते पुढे नेलं. मोजपट्टी लहान करत गेलं तर किनाऱ्याची लांबी कुठे थांबतच नाही, हे त्यातलं मर्म.

क्षेत्रफळ थांबतं. ढोबळ रेघेनं एका ठिकाणी खाडीचं पाणी जमिनीत धरलेलं असतं, तर पुढच्या ठिकाणी जमिनीचं टोक समुद्रात सोडलेलं असतं. बारीक मोजताना हे दोन्ही सुधारतं आणि बरंचसं एकमेकांत फिटतं. जपाननं २०२३ मध्ये आपली बेटं नव्यानं मोजली. १०० मीटर किंवा जास्त परीघ असलेलं प्रत्येक बेट धरलं, आणि संख्या ६,८५२ वरून १४,१२५ झाली. बेटं दुपटीहून जास्त, पण देशाचं क्षेत्रफळ होतं तेवढंच. परीक्षेत लांबीचा आकडा लिहाल तेव्हा तो कोणत्या प्रमाणावरचा आहे तेही लक्षात ठेवा.

प्रश्न : उपग्रह नव्हते तेव्हा अख्ख्या देशाचं क्षेत्रफळ कसं काढत? — आजोबा आणि नात, दोघांच्या सहीचं पत्र

या पत्रासाठी तुम्हा दोघांचे आभार. यावर मी तासभरही बोलू शकते.

देश मोजायचा तर आधी त्याच्या कडा पृथ्वीवर नेमक्या कुठे आहेत ते कळायला हवं. उत्तर-दक्षिण जागा, म्हणजे अक्षांश, ताऱ्यांच्या उंचीवरून काढता येई. पूर्व-पश्चिम जागा काढणं महाकठीण होतं, कारण त्यासाठी दोन ठिकाणांच्या वेळेतला फरक लागतो आणि दूरवर वेळ नेणारं भरवशाचं घड्याळ नव्हतं. मग घड्याळ आकाशात शोधलं. गुरूचे उपग्रह त्याच्या सावलीत शिरतात आणि बाहेर येतात, ते सगळीकडून एकाच क्षणी दिसतं. खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनीनं त्यांची कोष्टकं तयार केली होती. ती हाताशी धरून झाँ पिकार आणि फिलिप द ला हीर हे दोघं १६७९ ते १६८१ या काळात फ्रान्सच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी गेले आणि जागा निश्चित केल्या.

निकाल धक्कादायक निघाला. पश्चिमेचा किनारा आधीच्या नकाशांत दाखवला होता त्यापेक्षा बराच अलीकडे होता. १६९३ मध्ये छापलेल्या नकाशावर जुनी आणि नवी किनाररेषा दोन्ही काढल्या आहेत. नव्या हिशेबानं फ्रान्सचं क्षेत्रफळ जवळजवळ एकपंचमांशानं घटलं. शत्रूंनी घेतला नाही एवढा मुलूख माझ्या ज्योतिर्विदांनी घेतला, असं फ्रान्सचा राजा चौदावा लुई म्हणाल्याची आख्यायिका आहे. तो तसं म्हणाला असो वा नसो, त्यानं या कामाला पैसा पुरवला आणि छोटा झालेला नकाशा छापूही दिला, याचं मला फार कौतुक वाटतं. फ्रान्समधली मूठभर मातीही हलली नव्हती.

त्याच १६९३ साली इंग्लंडमध्ये एडमंड हॅलीनं, धूमकेतूवाला तोच, नकाशाचं क्षेत्रफळ वजनानं काढलं. इंग्लंड आणि वेल्सचा नकाशा कडेनं कापला आणि तराजूत तोलला. त्याच नकाशातून कापलेल्या, माहीत असलेल्या क्षेत्रफळाच्या वर्तुळाचंही वजन केलं. कागद सगळीकडे सारख्या जाडीचा असेल तर वजनांचं गुणोत्तर तेच क्षेत्रफळांचं गुणोत्तर. नातीला हे घरी करता येईल. जाड पुठ्ठा आणि ग्रॅमचे भाग दाखवणारा काटा लागेल. नकाशा मात्र समक्षेत्र प्रक्षेपणाचा हवा, म्हणजे गोल पृथ्वी कागदावर उतरवताना क्षेत्रफळांचं प्रमाण जपणारा. भिंतीवरच्या मर्केटर प्रक्षेपणाचा घेतलात तर फसाल, कारण त्यात ६० अंश अक्षांशावरची जमीन विषुववृत्ताच्या तुलनेत चौपट मोठी दिसते. २२ लाख चौ. किमीचा ग्रीनलंड ३ कोटी चौ. किमीच्या आफ्रिकेएवढा वाटतो तो त्याचमुळे. योहान लांबेर्टनं १७७२ साली दिलेली समक्षेत्र प्रक्षेपणं आजही वापरात आहेत.

१८५४ मध्ये स्विस गणिती याकोब आम्सलरनं ध्रुवीय प्लॅनिमीटर बनवला. माझं पहिलं प्रेम हेच यंत्र. दोन दांड्या, त्यांच्यामध्ये सांधा. एका दांडीचं टोक कागदावर रोवायचं, दुसरीच्या टोकानं देशाची सीमा गिरवायची. दांडीवर एक छोटं चाक असतं. ते काही ठिकाणी फिरतं, काही ठिकाणी नुसतं घसरतं. सीमा पूर्ण गिरवून मूळ जागी आलात की चाक जितकं फिरलं असेल त्यावरून आतलं क्षेत्रफळ मिळतं. आतल्या जमिनीला स्पर्शही न करता! हे का होतं त्याचं गणित मी शिकले आहे, लोकांना शिकवलंही आहे, पण प्रत्येक वेळी सीमा पूर्ण होऊन आकडा स्थिरावला की मला तितकंच नवल वाटायचं.

काम चिकाटीचं होतं. एक फेरी झाली की रोवलेलं टोक दुसऱ्या बाजूला घेऊन पुन्हा गिरवायचं आणि दोन्हींची सरासरी धरायची, म्हणजे यंत्राचा तिरकेपणा फिटतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन ताणला जायचा, तोही एका दिशेला जास्त. म्हणून आधी नकाशावरच्या अक्षांश-रेखांशांचा एक चौकोन मोजायचा. त्याचं खरं क्षेत्रफळ कोष्टकातून माहीत असतं, त्यावरून कागद किती फुगला ते कळतं आणि तेवढी दुरुस्ती करता येते. आजचा संगणक सीमेवरच्या हजारो बिंदूंचे निर्देशांक घेऊन तिरकस गुणाकार करतो आणि क्षणात उत्तर देतो. बिंदू कुठले घ्यायचे हे अजूनही माणूसच ठरवतो.

प्रश्न : समुद्र वर चढतोय आणि बेटांचे देश बुडतायत असं सगळीकडे सांगतात. तुवालूचं क्षेत्रफळ उलट वाढल्याचं मी वाचलं. मग बुडण्याची गोष्ट खोटी का? — एक वाचक

तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. समजावून सांगते, कारण या आकड्याचा गैरवापर होताना पाहून मला वाईट वाटतं.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुवालूची १०१ बेटं हवाई छायाचित्रांवरून आणि उपग्रहचित्रांवरून मोजली. १९७१ ते २०१४ या काळात एकूण जमीन ७३.५ हेक्टरनं, म्हणजे २.९ टक्क्यांनी वाढली होती. समुद्राची पातळी याच काळात तिथे जगाच्या सरासरीपेक्षा वेगानं वाढत होती. वाढीचं कारण असं, की प्रवाळबेटं म्हणजे पक्का खडक नसतो. लाटा प्रवाळांचा चुरा आणि वाळू उचलून बेटावर टाकतात, बेटं सरकतात, एका बाजूनं झिजतात आणि दुसऱ्या बाजूनं भरतात. बहुतेक बेटं वाढली, काही घटली. सॉलोमन बेटांमध्ये मात्र पाच झाडीनं भरलेली प्रवाळबेटं विसाव्या शतकाच्या मध्यापासून पूर्ण नाहीशी झाल्याचं २०१६ च्या अभ्यासात नोंदवलं आहे.

आता तुवालूच्या मोजणीत 'कड' कोणती होती ते पाहा. झाडीची सीमा. ती वापरणं योग्यच, कारण भरती-ओहोटीनं ती रोज हलत नाही. पण जमीन किती उंच आहे, विहिरीत खारं पाणी शिरतंय का, उधाणाची लाट घरात येते का, यातलं काहीही क्षेत्रफळ सांगत नाही. तिथे राहणाऱ्यांची भीती हेक्टरांत मोजता येत नाही, आणि त्यांना कोष्टक दाखवून गप्प करू नये.

पृथ्वी स्वतःही वर-खाली होते, हेही यात धरावं लागतं. फिनलंडच्या किनाऱ्यावर क्वार्केन द्वीपसमूह आहे. हिमयुगातल्या प्रचंड बर्फाच्या भारानं दबलेली जमीन तिथे अजून वर येते आहे, वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर, आणि दरवर्षी साधारण एक चौ. किमी नवी जमीन पाण्याबाहेर येते. आइसलंडजवळ १९६३ मध्ये समुद्रातून ज्वालामुखी वर आला आणि सुर्त्से बेट जन्मलं. १९६७ मध्ये उद्रेक थांबला तेव्हा ते २.७ चौ. किमी होतं, लाटांनी आता निम्म्याच्या आसपास आणलं आहे. जगभरच्या किनाऱ्यांवरचा हिशेब काही संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून मांडला : १९८५ नंतरच्या तीस वर्षांत सुमारे ३३,७०० चौ. किमी जागी पाण्याची जमीन झाली, आणि सुमारे २०,१०० चौ. किमी जमीन पाण्याखाली गेली. बेरीज जमिनीच्या बाजूची आहे, आणि त्यात माणसानं टाकलेल्या भरावाचा मोठा हात आहे.

प्रश्न : मी लोकसंख्येच्या घनतेवर प्रबंध लिहिते आहे. साठ वर्षांची आकडेवारी जोडायची आहे. क्षेत्रफळ तर स्थिरच असतं, मग एकच आकडा सगळ्या वर्षांना वापरला तर चालेल का? — संशोधक विद्यार्थिनी

ताई, बऱ्याच देशांना चालेल. पण कोणाला चालत नाही ते शोधणं हाच तुमच्या कामाचा अर्धा भाग आहे.

पहिलं म्हणजे सीमा. सुदान २०११ च्या ९ जुलैपर्यंत सुमारे २५ लाख चौ. किमीचा, आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश होता. दक्षिण सुदान वेगळा झाला आणि तो मान अल्जीरियाकडे गेला. अशा वेळी घनतेचा आलेख तुटतो. तो जबरदस्तीनं जोडू नका. एक तर दोन्ही देश मिळून जुनी हद्द शेवटपर्यंत धरा, नाहीतर मागच्या सगळ्या वर्षांची लोकसंख्या नव्या हद्दीनुसार वेगळी करा. लहान बदल सोडून देता येतात. २०१५ मध्ये भारत आणि बांगलादेशानं एकमेकांच्या आत अडकलेले भूखंड बदलून घेतले. भारताचे १११ भूखंड, १७,१६० एकरांचे, बांगलादेशाला गेले आणि ५१ भूखंड, ७,११० एकरांचे, भारताकडे आले. फरक सुमारे ४० चौ. किमी. तिथे राहणाऱ्यांचं आयुष्य त्यानं पालटलं, तुमच्या घनतेच्या आकड्यात मात्र तो दिसणारही नाही.

दुसरं, पाणी. घनतेसाठी एकूण क्षेत्रफळ घेऊ नका, आतलं पाणी वगळून उरणारी जमीन घ्या. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना देशाचं क्षेत्र आणि जमिनीचं क्षेत्र वेगवेगळं देते. पण मग ही जमीनही वर्षांगणिक बदलू शकते हे मान्य करा. अरल समुद्र १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौ. किमी होता. नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं आणि २००७ पर्यंत त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांची हद्द या कारणानं कुठेही हलली नाही, एकूण क्षेत्रफळ तेच राहिलं, पण पाण्याच्या जागी खारट वाळवंट आलं. कागदावर ती 'जमीन' वाढली आहे. कुणी तिथे जाऊन राहणार नाही.

तिसरं, मोजण्याची रीत. एखाद्या वर्षी आकडा एकदम उडी मारत असेल आणि त्या वर्षी तह, फाळणी किंवा उद्रेक काही नसेल, तर तळटीप वाचा. व्याख्या बदललेली असते किंवा नवा नकाशा वापरलेला असतो. तेव्हा नव्या रीतीनं मागची वर्षंही पुन्हा काढली आहेत का ते पाहा. काढली नसतील तर ती उडी तुमच्या आलेखात येऊ देऊ नका.

स्वतः उपग्रहचित्रांवरून मोजणार असाल तर भरती-ओहोटीची फार काळजी घ्या. पृथ्वीची चित्रं घेणारा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ च्या जुलैमध्ये गेला आणि १९८० च्या दशकापासून ३० मीटरचे चौकोन दिसू लागले. चित्रं आता मोफत मिळतात. पण समजा किनाऱ्याचा उतार शंभरात एक आहे आणि भरती-ओहोटीत तीन मीटरचा फरक आहे. मग पाण्याची कड ३०० मीटर सरकते. शंभर किलोमीटर किनाऱ्यावर हे ३० चौ. किमी झाले! एक चित्र ओहोटीचं आणि वीस वर्षांनंतरचं भरतीचं घेतलंत, तर एक कणही न झिजता ३० चौ. किमी जमीन 'बुडाली' असं उत्तर येईल. म्हणून एका चित्रावर भरवसा ठेवू नका. एकेका काळातली खूप चित्रं एकत्र करा, आणि दोन्ही काळांत कड ठरवण्याचा नियम एकच ठेवा.

प्रश्न : समुद्रात भराव टाकून देश मोठा करता येतो, तर मग कुणीही कितीही मोठं व्हावं? — एक वाचक

पैसा, वाळू आणि उथळ समुद्र असेल तर थोडंफार होता येतं. सिंगापूर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ५८१ चौ. किमी होतं, आता ७३५ च्या आसपास आहे. म्हणजे पावपटीहून जास्त वाढ. इथे आकडा आणि जमीन दोन्ही खरोखर वाढले आहेत.

नेदरलँड्सची रीत वेगळी. तिथे भराव कमी आणि पाणी काढून टाकणं जास्त. १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून त्यांनी समुद्राचा एक मोठा भाग तोडला आणि त्याचं गोडं सरोवर झालं. मग त्यात टप्प्याटप्प्यानं भोवती बांध घालून आतलं पाणी उपसलं. ईशान्येकडचा भाग १९४२ मध्ये कोरडा झाला, फ्लेव्होलँडचे दोन भाग १९५७ आणि १९६८ मध्ये, आणि १९८६ मध्ये या तिन्हींचा मिळून फ्लेव्होलँड हा नवा प्रांत झाला. अख्खा प्रांत जिथे आधी मासेमारी चाले तिथे! हिशेबाच्या दृष्टीनं मला यातला बांधाचा दिवस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बांध पुरा झाला आणि एक गुंठाही जमीन न वाढता समुद्राचं पाणी 'देशाच्या आतलं पाणी' झालं.

कितीही मोठं होण्याला कायदा मात्र आडवा येतो. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारानुसार बेट म्हणजे नैसर्गिकरीत्या तयार झालेली, भरतीतही पाण्याबाहेर राहणारी जमीन. माणसानं बांधलेल्या बेटाला स्वतःचा प्रादेशिक समुद्र मिळत नाही.

प्रश्न : सीमेवरच्या नदीनं पात्र बदललं तर जमीन कुणाची? — एक शेतकरी वाचक

तह काय म्हणतो त्यावर अवलंबून. सर्वसाधारण रिवाज असा, की नदी हळूहळू एका काठाची माती खाऊन दुसऱ्या काठाला मळई घालत सरकली तर सीमा तिच्याबरोबर सरकते. पुरात एकदम नवं पात्र पडलं तर सीमा जुन्या पात्रातच राहते. 'हळूहळू' आणि 'एकदम' यांच्यात भांडणाला जागा भरपूर आहे. रिओ ग्रांदेच्या काठच्या चामिझाल नावाच्या भूभागावरून अमेरिका आणि मेक्सिको यांचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९११ मध्ये लवाद झाला, तोही अमेरिकेनं मानला नाही, आणि शेवटी १९६३ च्या करारानं तो मिटला. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी समजूतदारपणे घेतलं. म्यूज नदी सरळ केल्यामुळे काही तुकडे चुकीच्या काठाला पडले होते, ते १ जानेवारी २०१८ पासून त्यांनी बदलून घेतले. बेल्जियमनं त्यात जास्त जमीन दिली आणि थोडी घेतली.

प्रश्न : असा एखादा देश आहे का, ज्याचं क्षेत्रफळ ठरलेल्या तारखेला वाढतं आणि ठरलेल्या तारखेला कमी होतं? — इयत्ता सातवीतली एक वाचक

आहे, आणि एक नव्हे, दोन. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर बिदासोआ नदीत फेझंट नावाचं बेट आहे. या दोन देशांनी १६५९ साली तिथेच तह केला. आता १ फेब्रुवारी ते ३१ जुलै बेट स्पेनच्या ताब्यात असतं आणि उरलेले सहा महिने फ्रान्सच्या. बेट एक हेक्टरही भरत नाही, त्यामुळे चौरस किलोमीटरच्या कोष्टकात हा बदल दिसत नाही. चौरस मीटरमध्ये कोष्टक केलंस तर दिसेल. करून पाठव, छापू.